संग्राहकाची बंदूक आणि बिनेची बंदूक

फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’त (1857) एक प्रसंग आहे. प्रियकराच्या घरून पहाटे परतणाऱ्या एमाला गवतात बुडालेल्या पिंपातून आपल्यावर रोखलेली नळी दिसते. आत दडलेला असतो करवसुली करणारा बिने. होडीखेरीज बदकांची शिकार करायला बंदी असल्याने तोही चोरूनच बसलेला. धास्तावतात दोघेही.

या बिनेला बंदूक धरता आली ती क्रांतीमुळे. ऑगस्ट 1789 मध्ये सरदारवर्गाचा शिकारीचा खास हक्क रद्द झाला. पुढे 3 मे 1844 च्या कायद्याने 25 फ्रँकचा परवाना आणला, म्हणजे हक्काला पुन्हा किंमत चिकटली. पण दुकानदार, कारकून, खाऊनपिऊन सुखी शेतकरी यांच्या खांद्यावरची बंदूक काही उतरली नाही.

याच काळात पॅरिसच्या कासिमीर लफोशोने कमरेत मोडणाऱ्या बंदुकीचे पेटंट घेतले. तोंडातून दारू ठासण्याची गरज संपली. त्याच्या पद्धतीच्या काडतुसाला बाजूने एक बारीक खीळ असे; ती नळीच्या काठावरल्या खाचेतून वर डोकावे आणि घोडा तिच्यावर आदळे. 1851 च्या लंडन प्रदर्शनात ही रचना पाहून इंग्रज कारागीरही तिच्याकडे वळले. पुढे मध्यभागी आघात होणारी काडतुसे रुळली, तेव्हा अनेकांनी नवी बंदूक न घेता जुनीच गावच्या कारागिराकडून बदलून घेतली: खाचा बुजवल्या, घोडे बदलले.

आजचा संग्राहक अशा बदललेल्या बंदुकीकडे सहसा नाक मुरडतो. त्याला हवी असते कोरीव, पेटीबंद, न वापरलेली, पॅरिसच्या नामांकित दुकानाची. हौस म्हणून ठीक. परंतु इतिहास म्हणून ही निवड मला एकांगी वाटते. न वापरलेली बंदूक फार तर धनिकाच्या भिंतीची साक्ष देते. हस्तलिखितातली खाडाखोड पुसून सुवाच्य प्रत जपणाऱ्या संपादकाला आपण काय म्हणू?

त्याहून वाईट म्हणजे डागडुजी. वळणदार नक्षीच्या जुन्या नळ्या घासून चकचकीत केल्या जातात, दस्त्यावरचे ओरखडे तासले जातात. नळ्या उतरवल्यावर खालच्या अंगाला चाचणीगृहाचे आणि नळी घडवणाऱ्याचे ठसे असतात; सेंत-एतियेनच्या कित्येक कारागिरांचे नाव तेवढ्याच जागी उरलेले असते. कानस प्रथम फिरते ती नेमकी तिथे.