उन्हानं कातडी भाजली तर घरी काय करायचं, काय टाळायचं?

वाशिम : मार्च सरला की रिसोड-मालेगावकडं हळद शिजवायची धांदल, बाकी तालुक्यांत वखरणी, काडीकचरा वेचणं. सगळी कामं उघड्यावरची. मान, कान, हात आणि पायांचे पंजे चुरचुरायला लागतात. 'ऊन लागलं' म्हणून आपण सोडून देतो, पण ती भाजल्याचीच जखम असते. विस्तवाऐवजी उन्हातल्या अतिनील किरणांनी झालेली, एवढाच फरक. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून ती भाजलेली उशिरा कळते.

परदेशात हेच किरण विजेच्या दिव्यांतून अंगावर घेऊन रंग सावळा करतात. त्या यंत्राला टॅनिंग बेड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ साली ही यंत्रं कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. तिथं पैसे देऊन भाजून घेतात, इथं मजुरीपायी भाजतं. घरचा उपाय मात्र सारखाच.

काम करताना फारसं काही जाणवत नाही. आग साधारण तीन ते पाच तासांनी सुरू होते आणि बारा ते चोवीस तासांत सगळ्यात जास्त होते. म्हणून संध्याकाळी कातडी तापलेली वाटली तर दुसऱ्या दिवशी ती उघडी ठेवून उन्हात जाऊ नये.

आधी सावलीत या. माठातल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट लावू नका. आग शमल्यावर कोरफडीचा गर चालतो, पण पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी धुऊन टाका, त्यानं खाज सुटते. तेल-तूप ताज्या भाजलेल्या जागी नको, उष्णता आत कोंडते. टूथपेस्ट, चुना, हळद हेही नको. दुखत असेल तर मोठ्या माणसानं पॅरासिटामॉल पाकिटावरच्या मात्रेत घ्यावी. पाणी, ताक, ओआरएस पीत राहावं. फोड आला तर फोडू नका, वरची कातडीच आतल्या जखमेची पट्टी असते.

लिंबू आणि बावची

डाग जावा म्हणून लिंबू चोळून उन्हात गेलं तर तिथंच फोड येऊन काळे वण पडतात, ते कित्येक आठवडे जात नाहीत. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं कातडीला उन्हाबाबत हळवी करतात.

त्याहून जास्त जपायचं ते बावचीला. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा उपाय जुना आहे आणि तो निव्वळ अंधश्रद्धा नाही. बावचीतलं सोरालेन हे द्रव्य त्वचारोगतज्ज्ञही वापरतात, पण औषधाची मात्रा आणि किरणांची मिनिटं मोजून. घरी ते मोजमाप नसतं, आणि आग एक-दोन दिवसांनी दिसते. तोवर माणूस आणखी दोनदा उन्हात बसलेला असतो. मग पांढऱ्या डागावरच मोठाले फोड. असं झालं तर तेल साबणानं धुवा, लावणं बंद करा, जागा कापडानं झाका आणि डॉक्टरांना बावची लावल्याचं स्पष्ट सांगा. लाज धरून लपवलं तर उपचार चुकतो. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील तरी कातडी लवकर भाजते.

दवाखाना कधी

चेहऱ्यावर किंवा बऱ्याच जागेवर फोड, पू, ताप-थंडी, उलट्या, डोळ्यांत टोचणं, किंवा वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर घरी थांबू नका. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करा. गाडी येईस्तोवर त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.