पोढी, नेर, खाचर : परक्या विद्यार्थ्यांचे जुन्नर-आंबेगाव

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत तीन देणगीदार स्वतःला 'यवन' म्हणवतात : इरिल, चिट आणि चंद. पहिल्याने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप दिला, तिसऱ्याने लेण्याचे दर्शनी काम करविले. इरिल आणि चिट यांच्या नावांपुढे 'गत' असा शब्द येतो. तो कुळाचा, गावाचा की एखाद्या दूरच्या टोळीचा, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या वादात आपल्याला शिरायचे नाही. लक्षात घ्यायची गोष्ट साधी आहे. ही माणसे कोठून का आलेली असेनात, त्यांनी लेख कोरविला तो इथल्या प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत. इरिलच्या लेखात टाकीला 'पोढी' हा शब्द आहे. डोंगरात झिरपणारे पाणी कातळात खोदून साठविण्याची जी इथली रीत, तिचे इथलेच नाव. परक्या माणसाने दान दिले आणि ते देताना त्या वस्तूचे नाव आपल्या भाषेतून आणले नाही.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या भूगोल आणि पर्यावरण या विषयांच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांचा विचार करताना हे यवन वारंवार आठवतात. पुण्यात असे अभ्यासक्रम गेली अनेक वर्षे चालत आले आहेत आणि अशा अभ्यासक्रमाला उत्तर पुणे जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. पुण्याहून सकाळी निघालेली बस दुपारच्या आत जुन्नरला पोहोचते. एका दिवसात सह्याद्रीचा कडा, सातवाहनांचा नाणेघाट, पाच धरणांचा कुकडी प्रकल्प, उसाचे मळे आणि त्यांतला बिबट्या एवढे सारे पाहून होते. मात्र पाहणे आणि वाचणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन क्रियांमधले अंतर हा आहे.

आधुनिक अर्थाने या प्रदेशाचा पहिला परदेशी 'क्षेत्र-अभ्यासक' म्हणून विल्यम हेन्री साइक्स (1790-1872) याचे नाव घ्यावे लागेल. मुंबई फौजेतला हा अधिकारी. 1824 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर नेमले. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती, आणि हाती आलेल्या मुलखात काय काय आहे हे नव्या सरकारला मोजून हवे होते. 1829 च्या अखेरीस ते पदच रद्द झाले, तरी साइक्सने 1831 च्या आरंभापर्यंत काम पुरे करूनच विलायतेची वाट धरली. पिके, सारा, लोकसंख्या, पर्जन्यमान, पक्षी, मासे यांतले त्याच्या नोंदवहीतून काहीच सुटले नाही. पुढे हाच गृहस्थ लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही. सत्ता आणि गणती यांचे नाते इतके उघड दाखवणारे चरित्र विरळाच.

याच साइक्सने 1828 मध्ये नाणेघाटातले लेणे आणि त्यातला नागनिकेचा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला, आणि जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकला 1837 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. नकला उतरवल्या तेव्हा ब्राह्मी वाचता येणारा कोणीही जगात नव्हता. प्रिन्सेपने ती लिपी उलगडली ती त्याच सुमारास. म्हणजे आपल्याला न वाचता येणारी अक्षरे साइक्सने जशीच्या तशी उतरवून घेतली. यात एक प्रकारची विनम्रता आहे असे मला वाटते. कळत नाही म्हणून सोडून दिले नाही, आणि कळल्याचा आवही आणला नाही.

माशांच्या बाबतीत तर त्याने याहून चमत्कारिक गोष्ट केली. दख्खनच्या नद्यांतील माशांवरचा त्याचा निबंध 1840 च्या आगेमागे प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनेक नव्या जातींना त्याने लॅटिनमधून नावे घडविली नाहीत, स्थानिक बोलीतलीच उचलली. आजही प्राणिशास्त्रात 'टॉर खुद्री' हा महाशीर आहे, 'गारा मुल्या' आहे (आपला मळ्या), 'हिप्सेलोबार्बस कोलस' आहे. प्रजातीची नावे पुढच्या शास्त्रज्ञांनी बदलली, पण दुसरा शब्द टिकला. भीमेच्या खोऱ्यात मासे धरणाऱ्या माणसांचे शब्द अशा रीतीने जगभरच्या ग्रंथालयांत जाऊन बसले. नामकरणाच्या प्रथेनुसार त्या नावापुढे साइक्सचे नाव लागते. मासा आहे, साइक्स आहे, ज्याने शब्द सांगितला तो नाही. पण निदान शब्द तरी आहे.

साइक्सच्या मागोमाग आणखी काही जण आले. जुन्नर भागात हिवऱ्याला कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती. तिची आणि दापोडीच्या बागेची व्यवस्था पाहणारा डॉ. अलेक्झांडर गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले गॅझेटियर हे या साऱ्या उद्योगाचे फलित होय. त्यात सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील खोऱ्यांची जी नावे दिली आहेत ती वाचताना आजही थबकायला होते : कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. कुकडी, मीना, घोड, भीमा, भामा या नद्या आणि त्यांचे ते ते 'नेर'. शिवनेरी या नावातले 'नेर' सर्वांच्या ओठांवर आहे, मात्र हा शब्द एका विशिष्ट भूरूपाचा वाचक आहे याची जाणीव आमच्या भूगोलाच्या पदवीधरांनाही अभावानेच असते. त्यांना 'अपक्षरण' आणि 'निक्षेपण' शिकवले जाते. शेतकरी 'धूप' आणि 'पोयटा' म्हणतो. परक्या विद्यार्थ्याला दोष देण्याआधी हे आठवलेले बरे.

विसाव्या शतकात चित्र पालटले. 1969 मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील महाविद्यालयांच्या एका संघाने पुण्यात भारत-अभ्यासाचा उपक्रम सुरू केला. विद्यार्थी मराठी कुटुंबांत राहत, मराठी शिकत, आणि प्रत्येकाला एका स्वतंत्र विषयावर स्वतः हिंडून, माणसांशी बोलून काम करावे लागे. या संघातल्याच कार्लटन महाविद्यालयात एलिनॉर झेलिएट इतिहास शिकवीत, आणि दलित चळवळीवरच्या त्यांच्या लेखनाने या देवघेवीला जे वजन आले ते सर्वश्रुत आहे. त्याच पिढीत फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासह मराठीची पाठ्यपुस्तके आणि व्याकरण (1975) सिद्ध केले. परदेशी विद्यार्थ्यापुढे मराठी हे आधी ओलांडायचे दार होते. उशीर लागत असे, पण आत गेल्यावर घर दिसे.

त्या घराचे दर्शन कसे असते हे पाहायचे असेल तर अॅन फेल्डहाउस यांचे महाराष्ट्रातील नद्यांवरचे पुस्तक (1995) आणि त्यानंतरचे प्रदेश व तीर्थयात्रा यांवरचे पुस्तक (2003) पाहावे. धर्माच्या अभ्यासिकेने लिहिलेला हा खरे तर भूगोलच आहे : नदी स्त्री असते, तिला माहेर असते, पालखीच्या वाटा जोडल्या की प्रदेश उभा राहतो. माणसांच्या मनातला नकाशा त्यांच्याच भाषेत समजून घेतल्याखेरीज अशी पुस्तके लिहून होत नाहीत. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या देवतांचा माग काढला तोही त्यांच्याबरोबर हिंडून, ओव्या ऐकून. भूगोल विभागांच्या वाचनयादीत मात्र ही नावे अद्याप पाहुण्यासारखीच येतात.

या शतकाच्या पहिल्या दशकात दुसऱ्या धर्तीचे अभ्यासक्रम आले. सत्रभराचे; विकास, पर्यावरण, सार्वजनिक आरोग्य अशा विषयगुच्छांचे. त्यांची व्यवस्था चोख असते, शिक्षक चांगले असतात, आणि विद्यार्थी बहुधा मनापासून आलेले असतात. अडचण काळाची आहे. चार महिन्यांत सगळे उरकायचे तर भाषेच्या वाट्याला उरणारे तास थोडे, आणि क्षेत्रभेट म्हणजे दुभाष्याबरोबरचा एक दिवस. प्रदेश मग उदाहरण होतो. 'मानव-वन्यजीव संघर्ष' या प्रकरणाला जुन्नर, 'विस्थापन' या प्रकरणाला डिंभे, 'आपत्ती' या प्रकरणाला माळीण.

यातले पहिलेच उदाहरण घेऊ. धरणांच्या पाण्यावर ऊस आला आणि उसात बिबट्या आला, हे सूत्र आता सर्वज्ञात आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा धडाका लावला गेला. विद्या अत्रेय, मॉर्टन ओडेन, जॉन लिनेल आणि उल्हास कारंथ यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीला धक्का देणारा होता : माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी 4 होती ती या मोहिमेनंतर 17 वर गेली. उपाय हाच अपायाचे कारण ठरला होता. भारतीय आणि नॉर्वेजियन संशोधकांनी मिळून केलेले हे काम परदेशी सहकार्य कशासाठी असावे याचा उत्तम नमुना आहे. आता याच विषयावर एखादा विद्यार्थी गावात प्रश्नावली घेऊन जातो तेव्हा काय होते ते पाहा. गावकरी 'वाघ' म्हणतो. दुभाषा तो शब्द इंग्रजीत नेताना पट्टेवाला वाघ करतो, नाहीतर सुधारून बिबट्या करतो. दोन्ही वेळी काहीतरी गळते. या भागातल्या बोलण्यात 'वाघ' या शब्दात बिबट्याही सामावतो, आणि शिवेवर शेंदूर लावून बसवलेला वाघोबाही त्याच शब्दात आहे. भीती, धाक, नाते आणि नवस या सर्वांना मिळून असलेला तो शब्द. तो न कळता 'सहनशीलतेचे प्रमाण' मोजायला जाणे म्हणजे कविता शब्दकोशातून वाचण्यासारखे आहे.

भाषेचा प्रश्न माणसांशी बोलतानाच येतो, मातीशी नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर बोरीचे. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी येथे गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन हत्यारे. 1980 च्या दशकापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील आणि इतर अभ्यासक त्यावर खल करीत आले. 1989 मध्ये राखेचे वय सुमारे 14 लाख वर्षे सांगितले गेले. मग इतरांनी रासायनिक साम्यावरून ही राख सुमात्रातील टोबाच्या उद्रेकाची, म्हणजे जेमतेम 75 हजार वर्षांची, असे मांडले. 1995 मध्ये शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी 6 लाख 70 हजार हा आकडा पुढे केला. एकच थर, आणि त्याची तीन वये! राख इथे पडली तेव्हाची की पाण्याने वाहून आणून पुन्हा बसवली, हा वादाचा गाभा आहे, आणि नदीकाठी उभे राहून थर हाताने चाचपणारा व प्रयोगशाळेत काचेचे कण तपासणारा यांनी एकमेकांचे ऐकल्याशिवाय तो सुटत नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीत मला बोरी सर्वांत आधी हवीशी वाटते. तिथे शिक्षकाला 'उत्तर' सांगून बसमध्ये चढता येत नाही.

माळीणबद्दल थोडक्यातच लिहितो. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले हे गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढे नवे गाव वसले. कारणांची चर्चा झाली तेव्हा उतारावर यंत्राने केलेले सपाटीकरण हा शब्दप्रयोग पुष्कळ वापरला गेला. पण 'सपाटीकरण' या एका सरकारी शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी जातात. महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दगडी बांध घालून, पाण्याला वाट ठेवून जी भातखाचरे करीत आली ती एक, आणि यंत्राने महिन्याभरात उकरलेला उतार ही दुसरी. पहिलीत पाणी कुठून जाईल याचा हिशेब आधी असतो. ज्या निबंधात या दोहोंना एकच इंग्रजी शब्द आहे, त्यात दोष आपोआप खाचर करणाऱ्यावर येतो. मृतांच्या गावाबद्दल लिहिताना हा फरक किरकोळ नाही.

म्हणून अभ्यासक्रमाच्या आराखड्यात एक छोटा बदल सुचवावासा वाटतो. बस निघण्यापूर्वीचे दोन आठवडे विद्यार्थ्यांना पन्नास-साठ शब्द शिकवावेत : खाचर, बांध, ओहोळ, मुरूम, बरड, पोयटा, कातळ, पठार, नेर, शीव, हिरडा. वाक्यरचना नंतर येईल, न आली तरी चालेल. आणि परत गेल्यावर जो निबंध लिहिला जाईल त्याचे एक पानी मराठी टिपण ज्या गावात काम झाले तिथल्या शाळेत पोहोचावे. त्याचा मसुदा करण्याचे काम मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांकडे द्यायला हरकत नाही. भाषांतराचा पेपर त्यांनाही असतोच, आणि वर्तमानपत्रांतल्या उताऱ्यांपेक्षा हे काम कितीतरी जिवंत ठरेल.

क्षेत्रभेटीचा शेवट बहुधा डिंभे धरणावर होतो. घोड नदीवरचा हा जलाशय हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाने ओळखला जातो. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडले, ते मूळ आंबेगाव या पाण्याखाली आहे.