परवान्याचें माप

यंत्र विकत घेतलें कीं तें आपलें होतें. संगणकाच्या आज्ञावलीचें तसें नाहीं. तेथें बहुधा मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. पूर्वीं आज्ञावली यंत्राच्या किंमतींतच येई. इ. स. १९६९ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें ती वेगळी विकण्याचें जाहीर केलें. आणि माप कोणतें लावावें, हा प्रश्न पुढें आला.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘बिझटॉक सर्व्हर’ इ. स. २००० मध्यें निघाला. एका पेढीची मागणी व दुसरीचें बीजक यांचे नमुने भिन्न असतात. त्यांच्यांतील हा दुभाषी होय. त्याचा परवाना प्रोसेसरागणिक असे. पुढें एकाच प्रोसेसरांत अनेक कोअर बसूं लागले, तेव्हां २०१३ च्या आवृत्तीपासून कोअर मोजण्यांत येऊं लागले. दर प्रोसेसरामागें किमान चार.

आज्ञावली रचणाऱ्यांस मात्र निराळा नियम लागला. २०१० च्या आवृत्तीपासून त्यांची प्रत विनामूल्य झाली. तींत सर्वांत मोठ्या आवृत्तीचे सारे गुण आहेत. तिच्यावर रचना करावी, चांचणी घ्यावी, पण प्रत्यक्ष व्यवहार चालवूं नये. ही निव्वळ उदारता नव्हे. ज्या हत्यारावर हात बसतो, तेंच कारागीर पुढें मागतो.

पाटीवर गणित सोडविणें निराळें आणि दुकानाची खातेवही लिहिणें निराळें. या दोहोंमधील रेषा यंत्रांत दिसत नाहीं. ती करारनाम्यांत असते. म्हणून तो वाचल्यावांचून कोणीं पुढें पाऊल टाकूं नये.