भाऊबंदकी : सत्तालोभाची मराठी शोकांतिका आणि खानदेश

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे गद्य ऐतिहासिक नाटक. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते १९०९ मध्ये रंगभूमीवर आणले. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात झालेला खून, त्या खुनामागची रघुनाथरावांची पेशवाईची आस, आनंदीबाईंची मसलत आणि रामशास्त्री प्रभुणे यांचा निवाडा हा त्याचा विषय. सत्तेचा लोभ सज्जन व पराक्रमी पुरुषाला कोणत्या पायऱ्यांनी खाली उतरवीत नेतो, हे मराठीत इतक्या करारीपणे दाखविणारी नाटके थोडी आहेत. आणि त्या अधोगतीचा पुढचा, रंगमंचावर न आलेला भाग ज्या मुलुखाने पाहिला त्यात तापीकाठचा खानदेशही असल्यामुळे, आजच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या वाचकाला या नाटकाचे एक निराळेच महत्त्व आहे.

नाटकाचे शीर्षकच त्याचे निदान आहे. ‘भाऊबंदकी’ हा शब्द खाडिलकरांनी घडविला नाही. बांध कोरण्यावरून, विहिरीच्या पाळीवरून, वाटणीपत्रावरून गावोगाव जी वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि ज्यांची प्रकरणे मामलेदार कचेरीपासून दिवाणी न्यायालयापर्यंत फिरतात, त्यांचे ते रोजचे नाव आहे. राज्याच्या सर्वोच्च गादीवरील कलहाला शेताच्या बांधावरचे हे नाव देताच पेशव्यांचा वाडा आणि पाटलाचा वाडा यांतील अंतर नाहीसे होते, आणि प्रेक्षक दुरून इतिहास पाहणारा न राहता घरचाच माणूस होतो. हे नामकरण, प्रस्तुत लेखकाच्या मते, नाटकातील पहिला मोठा गुण होय.

इतिहास थोडक्यात असा. रघुनाथराव ऊर्फ रघोबा हा बाजीरावांचा धाकटा पुत्र, १७५८ मध्ये लाहोर जिंकून मराठ्यांचे निशाण अटकेपावेतो नेणारा सेनापती. १७६३ मध्ये राक्षसभुवन येथे पुतण्या माधवराव यांच्यासह निजामाविरुद्ध लढणारा योद्धा. परंतु कर्तृत्वाला साजेसा अधिकार आपणास मिळाला नाही, थोरली पाती नसल्यामुळे गादी हुकली, ही खंत त्याला पोखरीत गेली, आणि १७६८ मध्ये धोडप येथे त्याने पुतण्याशीच शस्त्र धरले. पराभवानंतर तो शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिला. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे माधवराव वारले. अठरा वर्षांचे वयही न गाठलेले नारायणराव गादीवर आले. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग व इतर गारदी थकलेल्या पगाराची मागणी करीत वाड्यात शिरले. काकांच्या गळ्याला मिठी मारून जीव वाचविण्याची याचना करणारा तो तरुण पेशवा आणि त्याच्यावर अंग टाकणारा चापाजी टिळेकर हा खिदमतगार, दोघेही तेथेच तुकडे होऊन पडले.

अशा कथानकाला संस्कृत नाट्यपरंपरेचा आधार मिळण्यासारखा नव्हता. रंगावर मृत्यू दाखवू नये आणि शेवट मंगल असावा हा जुना दंडक. त्याला अपवाद म्हणून ज्याचा नेहमी उल्लेख होतो ते भासाचे ‘ऊरुभंग’ गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे खाडिलकरांचे नाटक रंगभूमीवर आल्यानंतर. मराठी शोकांतिकेची वाट शेक्सपिअरच्या भाषांतरांतून निघाली. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्ये, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये आणि देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० मध्ये झाले. विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे स्वतंत्र नाटक १८६१ मध्येच लिहिले होते. सत्तालोभाची जी शोकांतिका सर्वांत प्रसिद्ध, त्या ‘मॅक्बेथ’चे रूपांतर ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने केले आणि पुढे १९५४ मध्ये शिरवाडकरांनी त्याचाच ‘राजमुकुट’ केला. खाडिलकरांनी रूपांतर केले नाही. मॅक्बेथचा धडा त्यांनी आत्मसात केला आणि तो पेशवाईच्या दप्तरातील माणसांवर लावून पाहिला.

लावताना दोन ठिकाणी फरक पडला आणि त्या दोन फरकांतच नाटकाचे स्वत्व आहे.

पहिला फरक गुन्ह्याच्या साधनाचा. मॅक्बेथच्या हातात खंजीर आहे. येथे बोरू आहे. नारायणरावांना ‘धरावे’ असा जो हुकूम गारद्यांना मिळाला होता, त्यातील ‘ध’चा ‘मा’ करून आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ असा केला, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेतो आणि मग बोरू न उचलता त्या रेघेला अक्षरे टांगीत जातो. ओल्या शाईवर वाळू भुरभुरवतो आणि कागद झटकतो. अशा ओळीच्या ऐन मध्ये एक अक्षर खोडून दुसरे बसविणे म्हणजे संथ चित्ताने, समईच्या उजेडात, हात न कापता केलेले काम. खंजिराच्या घावात क्षणाचा आवेग असू शकतो. या खाडाखोडीत तो असू शकत नाही. नीतिभ्रंश बहुधा अशाच कागदी, बिनआवाजी वाटेने येतो, हे ज्या समाजाने सातबाराच्या उताऱ्यावरील एका नोंदीपायी घरे फुटलेली पाहिली आहेत त्याला निराळे सांगावे लागत नाही.

परंतु तो बदललेला कागद उपलब्ध नाही, आणि कोशात हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. आख्यायिका नाट्यदृष्ट्या कितीही समर्थ असली तरी ती पुरावा नव्हे. रघुनाथरावांचा कटातील सहभाग ज्या अर्थाने निश्चित मानला जातो त्या अर्थाने आनंदीबाईंचा अक्षरबदल सिद्ध झालेला नाही. होलिनशेडच्या बखरीत मॅक्बेथच्या पत्नीची महत्त्वाकांक्षा जेमतेम एका वाक्याची धनी होती. शेक्सपिअरने तिला नाटकाचा अर्धा भार दिला. आनंदीबाईंचेही तसेच झाले. रंगभूमीने ही स्त्री अविस्मरणीय केली आणि त्याच वेळी पुरुषांच्या कटाचे बहुतांश पाप तिच्या पदरात टाकले. दुर्गाबाई खोटे यांनी ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि ‘राजमुकुट’मधील नायिका या दोन्ही भूमिका केल्या, त्यांच्यासमोर रघोबा उभा करणारे नानासाहेब फाटक होते. या नटांच्या सामर्थ्यामुळे आख्यायिका आणखीच दृढ झाली असेल, तरी नटाचा तो गुणच होय. दोष शोधायचा तर तो नाटक पाहून इतिहास पाहिल्याचे समाधान मानणाऱ्या आपल्याकडे आहे.

दुसरा फरक अधिक मोलाचा. मॅक्बेथच्या राज्यात न्यायाधीश नाही. मॅकडफ सूड घेतो आणि तलवारीने आरंभ झालेली गोष्ट तलवारीने संपते. ‘भाऊबंदकी’त तलवारीच्या जागी रामशास्त्री उभे राहतात. माहुलीचा हा निःस्पृह ब्राह्मण पेशव्यांच्याच दौलतीतील वेतनधारी न्यायाधीश, त्याच्यासमोर जो आरोपी म्हणून उभा आहे तोच त्याचा धनी. आणि त्या धन्याला तो देहान्त प्रायश्चित्त सुनावतो. निवाडा अमलात आणण्यासाठी त्याच्यापाशी एक प्यादाही नाही. तो पदाचा त्याग करून पुण्याबाहेर पडतो, वाईजवळ जाऊन राहतो, आणि रघोबाविरोधी कारभाऱ्यांच्या गटाने, म्हणजे बारभाईंनी, कारभार हाती घेतल्यावरच परततो. शिक्षा उच्चारली गेली पण झाली नाही, म्हणून हा न्याय निष्फळ ठरला असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. त्या क्षणापासून रघोबा ज्या गादीवर बसला होता ती केवळ बैठक उरली. मान्यता तिच्याखालून निघून गेली होती. सत्तेला नैतिक अधिष्ठान लागते हे तत्त्व कोणत्याही भाष्यापेक्षा या एका प्रवेशाने मराठी मनावर अधिक खोल कोरले.

नाटकाचा काळही ध्यानात घ्यावा. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस राष्ट्रसभा फुटली, १९०८ मध्ये टिळक मंडालेला गेले आणि ‘केसरी’ची धुरा खाडिलकरांवर आली. स्वकीयांच्या दुहीतून परक्याचा शिरकाव होतो हे दाखविणारे नाटक त्याच सुमारास लिहिले जावे, हा निव्वळ योगायोग मानवत नाही. त्यांचे ‘कीचकवध’ सरकारने १९१० मध्ये बंद पाडले.

आता खानदेश. नाटकातील रघोबा जेथे आपल्या दृष्टीआड होतो तेथून इतिहासातील रघोबा पुढे दहा वर्षे जगतो. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंना पुत्र झाला आणि रघोबांच्या हक्काचा उरलासुरला आधारही गेला. बारभाईंच्या फौजा पाठीवर घेऊन ते बऱ्हाणपुराकडे, तेथून माळव्यात असे भटकले; गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून, तापीकाठच्या थाळनेरवरून ते गुजरातेत उतरले आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. ज्या तापीच्या खोऱ्यातून पुण्याच्या फौजा जरीपटका मिरवीत उत्तरेस गेल्या होत्या, त्याच खोऱ्यातून अटकेचा विजेता उसन्या शिबंदीनिशी परक्याच्या आश्रयाला गेला. मॅक्बेथ युद्धात मरतो. रघोबाला ते भाग्य मिळाले नाही. सालबाईच्या तहानंतर पेन्शनीवर राहून तो ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे वारला. रामशास्त्र्यांनी सुनावलेल्या शिक्षेपेक्षा हे जगणे कठोर होते, असे म्हणण्यास जागा आहे.

थाळनेर (शिरपूर तालुका, धुळे जिल्हा) या नावाशी आणखी एक प्रसंग निगडित आहे, आणि तो रामशास्त्र्यांच्या निवाड्याशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. मंदसोरच्या तहाने होळकरांचा हा किल्ला इंग्रजांकडे गेला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉप फौजेसह तेथे आला तेव्हा किल्ल्यातून गोळी झाडली गेली, नंतर किल्लेदार तुळशीराम स्वाधीन झाला, परंतु आतील शिबंदीशी झटापट होऊन इंग्रज अधिकारी पडले. शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आली. त्यावर विलायतेच्या पार्लमेंटातही चर्चा झाली. एका न्यायाधीशाने अंमल करण्याची शक्ती नसताना पूर्ण चौकशी करून शिक्षा दिली. एका सेनापतीने पूर्ण शक्ती असताना चौकशी न करता ती अमलात आणली.

रंगभूमीच्या बाजूने पाहता खानदेशचा लौकिक संगीताकडे अधिक झुकतो. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) बालपणीचे काही दिवस जळगावात गेले, तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले, आणि जळगावचे खुले नाट्यगृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. खाडिलकरांच्या ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ यांनी ते महाराष्ट्राचे कंठमणी झाले. ‘भाऊबंदकी’सारख्या गद्य नाटकांची वाट निराळी, ती नाट्यपदांच्या आधाराविना वाणीवर आणि विचारावर चालणारी. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर हौशी संस्था अद्याप वर्षानुवर्षे उभ्या राहतात. सत्तालोभाच्या या विषयाचे पुढचे टोक तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) गाठले; तेथे रामशास्त्री नाही, आणि तो नसणे हीच त्या नाटकाची भीषणता आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढल्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. जुने मोडी कागद तेथे जपून ठेवलेले आहेत. खानदेशातील ज्या तरुण नाटककाराला सत्तेवर लिहावयाचे असेल, त्याने प्रथम त्या दप्तराशी बसावे, शिरोरेघेला टांगलेली अक्षरे सावकाश लावून वाचावीत, आणि मग एकदा थाळनेरला जाऊन तापीच्या काठावरील तो पडका तट पाहून यावा.