तळटीप ७ : शरणपूर

७. शरणपूर : नाशिकला लागून चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वसाहत, आज नाव उरले आहे ते मुख्यतः शरणपूर रस्त्याला. अनाथांबरोबरच ब्रिटिश नौदलाने अरबी समुद्रात गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही इथे आली. त्यांना अन्नवस्त्र, शाळा, सुतारकी-लोहारकी मिळाली आणि बाप्तिस्माही. हीच पुढे ‘नाशिक बॉइज’ म्हणून ओळखली गेली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या काळात त्याच्याबरोबर होता. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, त्याच्या खोडावर जेकबने अक्षरे कोरली. पुढच्या वर्षी त्याच्या शवाबरोबर तो थेट वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला.

स्वतःच्या दानधर्मात स्वार्थ किती, हे तपासताना लेखकाला शरणपूर आठवावे यात नवल नाही. मुले सोडवणे हे पुण्यकर्म खरेच. पण आफ्रिकेत धर्मप्रसारासाठी तिथलेच, शिकलेले मनुष्यबळ तयार व्हावे हा मिशनचा हिशेबही त्यात होता आणि तो कोणी लपवला नव्हता. दान गुप्तपणे करावे या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या शिकवणुकीशी वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचे आकडे देणाऱ्या मिशनचा मेळ कसा बसायचा, हा लेखकाचा खरा रोख. तेवढ्यावरून सगळे शरणपूर ढोंगी ठरवणे मात्र आम्हाला अन्यायाचे वाटते. शरणपूरचे पाद्री विल्यम प्राइस यांनीच १८७५च्या सुमारास मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेरे टाउन वसवले. नाशिकचे अनेक आफ्रिकी ख्रिस्ती तिकडे गेले.