फॅक्ट आणि डायमेन्शन गुणधर्म

व्यवहारांच्या नोंदी विश्लेषणासाठी डेटा वेअरहाउसमध्ये साठवताना त्यांतील स्तंभांची केली जाणारी पायाभूत विभागणी. घटना घडताना मोजलेले मूल्य, उदाहरणार्थ रक्कम, नग किंवा लागलेला वेळ, हे फॅक्ट. त्या मोजमापाला कोण, कुठे, केव्हा हा संदर्भ देणारे वर्णन हा डायमेन्शनचा गुणधर्म. मधोमध फॅक्ट टेबल आणि भोवती डायमेन्शन टेबले या मांडणीस स्टार स्कीमा म्हणतात. राल्फ किंबॉल यांच्या ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ (१९९६) या ग्रंथाने तिचा मोठा प्रसार केला. अंक दिसला की फॅक्ट आणि मजकूर दिसला की गुणधर्म, अशी ढोबळ खूण अनेकदा वापरली जाते. ती फसवी आहे. फॅक्ट टेबलातील एक ओळ नेमकी कशाची आहे, म्हणजेच त्या टेबलाचा ग्रेन काय, हे आधी ठरवावे लागते. स्तंभाची जागा त्यावरून ठरते.

दिल्लीतील सरोजिनी नगर मेट्रो स्थानकाचे उदाहरण घेता येईल. पिंक लाइनवरील हे स्थानक ६ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. एक ओळ म्हणजे एका प्रवाशाचा एक पूर्ण प्रवास, असा ग्रेन धरू. स्थानकाच्या परिसराचा पिन कोड ११००२३ हा अंकच आहे. पण पिन कोडांची बेरीज किंवा सरासरी निरर्थक असते, म्हणून तो स्थानकाचा गुणधर्म. उलट, ऑक्टोबर २०१७ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत मूळ भाड्याची १० ते ६० रुपयांदरम्यान सहाच मूल्ये होती. मोजकी, ठरावीक मूल्ये असली की तो गुणधर्म, हा नियम लावला तर भाडेही डायमेन्शनमध्ये जाईल. मात्र ते प्रत्येक प्रवासाबरोबर आकारले जाते आणि त्याच्या बेरजेतून स्थानकाचे दिवसाचे उत्पन्न निघते. म्हणून ते फॅक्टच.

यावर असा आक्षेप येतो की एकच गोष्ट दोन्ही भूमिकांत दिसत असेल, तर विभागणी मनमानी ठरते. भाड्यामागचा अंतराचा टप्पा, जसे ‘५ ते १२ किलोमीटर’, हा अहवालातील गट पाडण्यासाठी लागतो आणि रुपये बेरजेसाठी. पण इथे प्रश्न दोन आहेत, म्हणून स्तंभही दोन ठेवावेत. बेरजेची कसोटीही एकटी पुरत नाही. स्मार्ट कार्डांतील शिल्लक एका क्षणी सर्व कार्डांची मिळून बेरीज करता येते, परंतु सोमवारची आणि मंगळवारची शिल्लक मिळवली तर तेच पैसे दोनदा मोजले जातात. असे फॅक्ट अंशतः बेरीजयोग्य असते. कार्डावरील १० टक्के सवलतीतील टक्के मुळीच बेरीजयोग्य नसतात, म्हणून सवलतीचे रुपये साठवणे इष्ट.

विभागणीचा खरा कस काळाच्या ओघात लागतो. २५ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ भाडी ११ ते ६४ रुपये झाली. भाडे केवळ टप्प्याच्या टेबलात ठेवून तेथेच बदलले असते, तर मागील वर्षांचे उत्पन्न आपोआप फुगले असते. प्रवासाच्या ओळीत नोंदलेले भाडे मात्र अबाधित राहते. डायमेन्शनच्या गुणधर्मांबाबत वेगळा निर्णय करावा लागतो. रेस कोर्स स्थानकाचे नाव २०१६ मध्ये लोक कल्याण मार्ग झाले, तेव्हा जुने नाव पुसून नवे लिहिले तर सलग आकडेवारी एकाच नावाखाली मिळते. नवी ओळ जोडून दोन्हींच्या वैधतेच्या तारखा ठेवल्या तर त्या त्या काळचे नाव टिकते. अहवालाला काय हवे, त्यावर पर्याय ठरतो.

स्तंभनिष्ठ डेटाबेसमुळे सर्व काही एकाच रुंद टेबलात ठेवणे परवडते, म्हणून ही विभागणी कालबाह्य झाली, असाही युक्तिवाद होतो. वेग आणि साठवणीच्या खर्चाबाबत तो बराचसा खरा आहे. पण रुंद टेबलातही कशाची बेरीज करायची, कशावरून गट पाडायचे आणि बदल झाल्यावर जुन्या ओळींचे काय करायचे, हे ठरवावेच लागते. टेबले एकत्र केली तरी हे निर्णय टळत नाहीत. ते फक्त प्रत्येक अहवाल लिहिणाऱ्यावर स्वतंत्रपणे पडतात आणि दोन अहवालांचे आकडे जुळेनासे होतात.