दाबून लावायचं, फिरवून काढायचं

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात उघडं भांडं दिसलं की सगळ्यांची हजेरी घेतली जायची. पाण्याच्या घागरीवर गाळणं, गाळण्यावर पितळी झाकण. दुधावर ताटली, ताटली हलू नये म्हणून वर वाटी. किडामुंगी पडली तर जीव जातो, आणि पाप उघडं ठेवणाऱ्याच्या माथी. चातुर्मासात बस्तीत माताजी आल्या की पाच समित्या समजावून सांगायच्या. त्यातली आदाननिक्षेपण समिती आम्हा बायकांना लगेच कळायची : वस्तू बघून उचलायची, बघून ठेवायची. ती मुळात मुनींसाठी सांगितलेली. पण आजी म्हणायची, ''मुनी उचलतात काय? पिंछी, कमंडलू, शास्त्र. बाई दिवसातनं हजारदा उचलते नि ठेवते.''

त्यामुळं झाकणाचं महत्त्व मला कुणी सांगायला नको, असं मी धरून चालले होते. १९७३ च्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी तो समज गेला.

बेळगावात आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या वैनींचा धाकटा अडीच वर्षांचा होता. रेशनचं रॉकेल मोठ्या डब्यात असायचं, आणि स्टोव्हला रोज लागेल तेवढं त्या एका बाटलीत काढून ठेवायच्या. बाटली थंड पेयाची, जाड काचेची, निमुळत्या गळ्याची. दुकानात परत द्यायची राहून गेलेली. तिला झाकण नव्हतं. वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला असायचा. पोरानं ती बाटली बरोबर ओळखली. पंधरा दिवसांपूर्वीच एका लग्नात तसल्याच बाटलीतनं त्यानं गोड पाणी प्यालं होतं.

वैनी कपडे वाळत घालायला अंगणात गेल्या होत्या. ठसका ऐकून धावत आल्या. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा. शेजारचे कंपाउंडर ओरडले म्हणून थांबलं. रॉकेल पोटात राहण्यापेक्षा फुप्फुसात उतरणं जास्त वाईट, आणि उलटी करवली की ते श्वासनलिकेत जायची भीती असते. हे आजही अनेक घरांत माहीत नसतं म्हणून इथं लिहून ठेवते. पोर नऊ दिवस दवाखान्यात होतं. वाचलं.

वैनी मात्र त्यातनं बाहेर आल्याच नाहीत. ''लक्ष कुठं होतं तुझं?'' हे सासूनं विचारलं, नवऱ्यानं विचारलं, भेटायला आलेल्या प्रत्येकानं विचारलं. आमच्या आजीनंसुद्धा नंतर घरात म्हटलं, ''प्रमाद झाला.'' प्रमाद हा आपल्याकडं साधा शब्द नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते. मी दहा वर्षांची होते. मला एकच प्रश्न पडला होता, आणि तो विचारायची सोय नव्हती : त्या बाटलीला झाकण का नव्हतं?

उत्तर शोधत गेले तर ते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात निघालं.

तिथं विल्यम पेंटर नावाचा एक यंत्रकार होता. सोड्याच्या बाटलीला बूच टिकत नाही, आतल्या वायूचा जोर ते उडवतो किंवा हळूहळू वायू निसटतो, ही सगळ्या सोडावाल्यांची अडचण. इंग्लंडमधल्या हायरम कॉडनं १८७२ मध्ये त्यावर काचेची गोटी शोधली होती. आपण लहानपणी प्यालेला गोटी सोडा तो हाच. पेंटरनं वेगळा मार्ग काढला. पत्र्याची छोटी टोपी, आत बुचाची पातळ चकती, कडेला चुण्या. टोपी बाटलीच्या ओठावर ठेवायची आणि यंत्रानं एकदा दाबायची की चुण्या ओठाखाली आवळल्या जातात. २ फेब्रुवारी १८९२ ला त्याला पेटंट मिळालं. चुण्या पूर्वी २४ असायच्या, पुढं २१ ठरल्या. घरात एखादं असलं झाकण असेल तर मोजून बघा.

एका दाबात लागणारं झाकण कारखान्यांना हवंच होतं. त्याआधी फिरकीचं झाकण नव्हतं असं नाही. न्यूयॉर्कच्या जॉन लँडिस मेसननं १८५८ मध्ये काचेच्या बरणीच्या तोंडाला आटे पाडले होते आणि त्यावर जस्ताचं झाकण बसवलं होतं. तिकडच्या बायका हिवाळ्यासाठी फळं-भाज्या त्यात भरून ठेवायच्या. हातानं लावा, हातानं काढा, पुन्हा लावा. घराला तेच सोयीचं. पण फिरकी बसवायला वेढे द्यावे लागतात, आणि बाटल्यांच्या रांगेपुढं उभ्या यंत्राला तेवढा वेळ कुठला? यंत्राला दाबणं सोपं, हाताला फिरवणं सोपं. बाटलीच्या झाकणाचा पुढचा सगळा इतिहास या दोघांचा मेळ घालण्याचा आहे.

पेंटरनं तो मेळ घातला नाही. त्यानं यंत्राची बाजू घेतली. ते झाकण काढायला ओपनर लागतो, आणि काढताना वाकतं, पुन्हा बसत नाही. पेंटरला यात चूक दिसत नव्हती, उलट नफा दिसत होता. त्याच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा विक्रेता होता. त्याला पेंटरनं सल्ला दिला होता की एकदा वापरून टाकून द्यावी लागेल अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येतं. जिलेटनं तो मानला आणि दाढीचं पातं काढलं. झाकणाचं तेच. ते फेकायचं, पण बाटली फेकायची नाही. चांगली जाड काच आहे, कोण फेकेल? म्हणजे जगभर लाखो घरांत अशा बाटल्या उरल्या की ज्यांना झाकणच नव्हतं. त्यातलीच एक आमच्या वाड्यात, वैनींच्या फडताळात.

यंत्र आणि हात यांचा मेळ बसला तो पुढं विसाव्या शतकात, आणि तोही लहान मुलांच्या खाण्यावर. मिशिगनमधल्या फ्रेमाँट गावच्या डॉरोथी गर्बर लेकीसाठी भाज्या शिजवून चाळणीतनं घासायच्या. कंटाळून त्यांनी नवऱ्याला म्हटलं, हे तुमच्या डबेबंद भाज्यांच्या कारखान्यात करा की. १९२८ मध्ये ते खाणं बाजारात आलं, पत्र्याच्या डब्यांत. पुढं काचेच्या बरण्या आल्या. आता काचेवर घट्ट दाबलेलं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटायचं म्हणजे काचेची कपची उडायची धास्ती, आणि आत बाळाचा घास!

त्यावर जे झाकण निघालं त्याची करामत मला फार आवडते. बरणीच्या तोंडाला बारीक आटे असतात, झाकणाला एकही नसतो. झाकणाच्या आत मऊ, रबरासारखा थर असतो. भरलेल्या बरणीच्या तोंडावर वाफ सोडतात आणि झाकण सरळ दाबून बसवतात. वाफ निवली की आत पोकळी होते, बाहेरची हवा झाकण दाबून धरते. मऊ थरावर काचेच्या आट्यांचा ठसा उमटतो आणि थंड होताना तो पक्का होतो. म्हणजे झाकणाचे आटे कारखान्यात पाडलेलेच नसतात, बरणीनं आपल्या मापाचे पाडून घेतलेले असतात. घरी आणून फिरवलं की झाकण त्याच आट्यांवर चढतं, हवा आत जाते, टप् असा आवाज होतो. पुन्हा लावायचं तर तेच आटे कामी येतात. दाबून लावलेलं, फिरवून निघालेलं, परत बसणारं. औषधाच्या बाटलीचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकणही याच वळणाचं. तेही येतं सपाट. यंत्र ते वरून दाबून धरतं आणि बाजूनं चाकं फिरवून काचेच्या आट्यांवर बसवतं. खालचं कडं बारीक टाक्यांनी जोडलेलं असतं. पहिल्यांदा फिरवलं की टाके कट्‌कट् तुटतात आणि आधी कुणी उघडलं नव्हतं हे आपल्याला कळतं.

आता कोणत्याही हाताला उघडता येईल असं झाकण झालं. कोणत्याही म्हणजे पोराच्यासुद्धा.

कॅनडात विंडसर नावाचं गाव आहे, नदीपलीकडं अमेरिकेतलं डेट्रॉइट. तिथल्या ओतेल-द्यू रुग्णालयात डॉ. हेन्री ब्रो मुलांच्या विभागाचे प्रमुख होते, आणि १९५७ पासून विषबाधा केंद्रही त्यांच्याकडंच होतं. त्यांच्यापुढं येणाऱ्या कितीतरी पोरांनी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या खाल्लेल्या असायच्या. मुलांसाठीच्या गोळ्या संत्र्याच्या चवीच्या होत्या. पोराला वाटायचं लिमलेट. ब्रोंनी आधी सगळे डॉक्टर करतात तेच केलं, आयांना सांगितलं : औषधं वर ठेवा, लक्ष द्या. आया ऐकत होत्याच. पोरं तरीही येत राहिली.

इथं त्यांच्यातला डॉक्टर मला आपला वाटतो. लक्ष देणाऱ्या आईचंही लक्ष दिवसात कधीतरी सुटणारच, हे त्यांनी मान्य केलं. आईला आणखी बोल लावण्याऐवजी ते झाकणाकडं वळले. विंडसर मोटारींच्या साच्यांचं नि हत्यारांचं गाव. तिथल्या पीटर हेजविक नावाच्या कारखानदारानं त्यांच्यासाठी झाकण बनवलं. १९६७ मध्ये ते वापरात आलं : तळहातानं दाबा आणि दाबून धरूनच फिरवा. दोन हालचाली, दोन्ही एकाच वेळी. लहान मूल दाबू शकतं, फिरवूही शकतं, पण दोन्ही एकदम करणं त्याला सुचतही नाही आणि झेपतही नाही. अशा झाकणांचा एक प्रकार आज पुष्कळ दिसतो. त्यात एकावर एक अशी दोन झाकणं असतात. वरचं खालच्यावर दाबून अडकवलेलं. नुसतं फिरवलं तर वरचंच टकटक करत गरगरतं. दाबलं की त्याचे दाते खालच्यात अडकतात आणि दोन्ही मिळून फिरतात.

विंडसरच्या भागात मुलांच्या विषबाधेचं प्रमाण ९१ टक्क्यांनी खाली आलं. आया त्याच होत्या, त्यांचं लक्ष होतं तेवढंच होतं. बदललं होतं फक्त झाकण. अमेरिकेनं १९७० मध्ये त्यासाठी कायदा केला, ओंटारिओ प्रांतानं १९७४ मध्ये असली झाकणं सक्तीची केली. आमच्या वाड्यातली ती दुपार या दोन सालांच्या मधली.

अमेरिकेतली या झाकणांची परीक्षा वाचताना मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची पोरं दोघा-दोघांनी बसवतात, हातात बाटली देतात. पाच मिनिटं. मग एकदा न बोलता उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात, वर सांगतात की दात लावायचे तर लावा. शंभरातल्या ऐंशी पोरांना शेवटपर्यंत उघडता आलं नाही तरच झाकण पास. दुसरी परीक्षा मोठ्यांची, आणि त्यांत ७० टक्के बायका असायला हव्यात. पूर्वी त्या १८ ते ४५ वयाच्या असत. मग लक्षात आलं की आजी-आजोबांना झाकण निघत नाही म्हणून ते उघडंच ठेवतात, नाहीतर गोळ्या साध्या डबीत काढतात, आणि तिथंच नातवंडं पोचतात. १९९५ मध्ये नियम बदलला. आता परीक्षा ५० ते ७० वयाच्या माणसांची. पाच मिनिटांत उघडून नीट लावायचं, मग पुन्हा एका मिनिटात. शंभरातल्या नव्वदांना जमलं पाहिजे. बोटं आखडलेल्या बाईचा हात कुणीतरी हिशेबात धरला, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि शंभरातली वीस पोरं उघडू शकतात हेही त्या परीक्षेतच कबूल केलंय. म्हणून आजीचा नियम काही मोडीत निघत नाही. फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल पाण्याच्या नाहीतर सरबताच्या बाटलीत ओतायचं नाही, हे आजही घराघरांत सांगावं लागतं. यत्नाचार हवाच. पण यत्नाचार नुसता घरातल्या बाईनं पाळायचा, की बाटली बनवणाऱ्यानंही? वस्तू बघून ठेवायची हा नियम तिला लागू असेल, तर झाकण टाकून देण्यासारखं करताना बाटलीचं पुढं काय होईल हे बघायचा नियम पेंटरलाही लागू होता, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी बेळगावला गेले तेव्हा वैनींना भेटले. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. धाकटा पन्नाशी ओलांडलेला, हुबळीला नोकरीला. माझ्या पर्समध्ये कॅनडाहून भाच्यानं दिलेली गोळ्यांची बाटली होती. ती दाखवत मी त्यांना विंडसरची गोष्ट सांगितली. त्यांनी बाटली हातात घेऊन झाकण नुसतंच फिरवून पाहिलं. टकटक वाजलं, निघालं नाही. मग मी सांगितलं तसं दाबून फिरवलं. निघालं. लावलं. परत काढलं.

''म्हणजे बाटलीचंबी चुकलं होतं की गं,'' त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ''होय वैनी.''

बाटली त्यांनी मला लगेच परत दिली नाही. चहा होईपर्यंत ती त्यांच्या हातातच होती.